अ‍ॅप केलंत, आता सांगायचं कुणाला?

सबमिशन झालं, व्हायवा झाली, हॅकेथॉनचं सर्टिफिकेट आईने शोकेसमध्ये ठेवलं. एरवी गोष्ट इथे संपते. प्रोजेक्टची फाईल कपाटात जाते आणि कोड लॅपटॉपच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये झोपी जातो. पण यंदा तुमच्या ग्रुपने जोर केला. गूगलची २५ डॉलरची फी वर्गणी काढून भरली आणि अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढवलं. लिंक फॅमिली ग्रुपवर गेली. काकांनी अंगठा पाठवला, मावशीने फुलं पाठवली. त्यातल्या किती जणांनी डाऊनलोड केलं, ते विचारू नका. आठवड्याभरात आकडा पन्नाशीच्या आसपास येऊन बसला, तो हलायचं नाव घेईना.

मग ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, ‘भावा, पब्लिसिटी पाहिजे.’ बरोबर आहे. भायखळ्याच्या साबू सिद्दीकपासून माटुंग्याच्या व्हीजेटीआयपर्यंत आपल्या कॉलेजांमध्ये डोकेबाज मुलामुलींची कमी नाही. पण चांगलं असूनही कुणाला माहीत नसलेलं अ‍ॅप म्हणजे पाटी नसलेलं दुकान. आता ही पब्लिसिटी आणायची कुठून, यावर सहसा दोनच उपाय सुचतात. एक, दोनशे ब्लॉगर्स, यूट्यूबर्स आणि पत्रकारांचे पत्ते गोळा करायचे आणि ‘डिअर सर/मॅडम’ म्हणत एकच मेल सगळ्यांच्या गळ्यात मारायचा. दोन, टेलिग्रामवर भेटलेल्या कुणाकडून पाच स्टारचे रिव्ह्यू घाऊक भावात विकत घ्यायचे. पहिल्या उपायाने हाती काही लागत नाही. दुसऱ्याने जे लागतं ते टिकत नाही आणि जाताना तुमचं नावही घेऊन जातं.

आज बोलायचंय ते तिसऱ्या रस्त्याबद्दल. तो लांबचा आहे, पण त्याला पैसे लागत नाहीत. लागते ती थोडी मेहनत आणि बराचसा खरेपणा.

बातमी कशाची होते?

बोलणं हवेत राहू नये म्हणून भायखळ्याचंच एक काल्पनिक अ‍ॅप घेऊ. समजा, तुम्ही राणीच्या बागेतली झाडं ओळखायला मदत करणारं अ‍ॅप केलंय. बागेच्या नकाशावर बोट ठेवलं की जवळच्या झाडाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, दोन ओळींची माहिती. बस्स, एवढंच.

राणीची बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पेंग्विन आले असतील. साहजिक आहे. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातून आले, तेव्हापासून त्यांचं आजारपण, त्यांची पिल्लं, त्या पिल्लांची नावं, सगळ्याची बातमी झाली. त्याच बागेत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, फुलल्यावर बघत राहावी अशी उर्वशी आहे. ही बाग एकोणिसाव्या शतकात उभी राहिली तीच मुळात वनस्पती उद्यान म्हणून. पण झाड रोज तिथेच असतं. जे रोज तिथेच असतं त्याची बातमी होत नाही.

तरी झाडांचीही बातमी झाली होती. २००७ नंतर बागेचं रूप पालटण्याचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा काही नागरिक त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांनी नुसता ‘बाग वाचवा’ असा नारा दिला नाही. इथे कोणती झाडं आहेत, त्यातली दुर्मीळ कोणती, याच्या नोंदी केल्या, लोकांना बागेत नेऊन ती झाडं दाखवली. पिंजऱ्यांपलीकडे एक जुनं वनस्पती उद्यान आहे, हे त्यामुळे शहराला नव्याने कळलं. बागेच्या दीडशे वर्षांवर पुस्तकही आलं. त्यांच्याकडे कुठली पीआर एजन्सी नव्हती, होती ती माहिती आणि दाखवायला खरं झाड.

यातून अ‍ॅपवाल्यांनी घ्यायचा धडा सोपा आहे. ‘आम्ही चार मित्रांनी अ‍ॅप तयार केलं’ ही तुमच्या घरच्यांसाठी बातमी आहे, बाकीच्यांसाठी नाही. ‘राणीच्या बागेत उर्वशीला बहर आलाय आणि ती नेमकी कुठे आहे ते या अ‍ॅपवर दिसतं’ ही बातमी होऊ शकते. वाचणाऱ्याला त्यातून काय मिळतं आणि ते आजच का सांगायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील तर कुठल्याही ब्लॉगरकडे ती नसणार.

आधी बारा जण

नोव्हेंबर २०२३ नंतर प्ले स्टोअरवर वैयक्तिक डेव्हलपर खातं उघडणाऱ्यांना गूगलने एक अट घातली. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान २० टेस्टर सलग १४ दिवस सोबत हवेत. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये हा आकडा १२ वर आला. या अटीवर पोरं जाम वैतागतात. मग जुगाड सुरू होतो. तू माझं टेस्ट कर, मी तुझं करतो. नाहीतर पैसे टाकून टेस्टर मिळवायचे, जे अ‍ॅप उघडून बंद करतात. अट पूर्ण होते आणि अ‍ॅप होतं तिथेच राहतं.

खरंतर ही अट म्हणजे तुम्हाला मिळालेली रंगीत तालीम आहे. हे बारा जण तुमचे पहिले वाचक, पहिले टीकाकार आणि जमलं तर पहिले प्रचारक. म्हणून ते वर्गातल्या मागच्या बाकावरून उचलू नका. बागेत रोज सकाळी फिरायला येणारे दोन-तीन ज्येष्ठ नागरिक घ्या. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या मॅडमना विचारा. शाळेची सहल घेऊन येणारे सर, मोबाईलमध्ये अक्षरं मोठी करून वाचणारी आजी, आठवीतला चुलतभाऊ, आणि जमलं तर बागेत काम करणारे एखादे माळीकाका.

पहिल्या दोन दिवसांतच तुमचा फुगा फुटेल. उन्हात स्क्रीन दिसत नाही, असं काका सांगतील. शास्त्रीय नाव आधी आणि मराठी नाव खाली बारीक का, असं आजी विचारेल. ज्याला तुम्ही एक झाड म्हणून दाखवलंय ते दुसरंच आहे, असं मॅडम सांगतील. हे ऐकायला बरं वाटत नाही. पण मॅडमनी खासगीत दाखवलेली चूक चार दिवसांत सुधारते. तीच चूक एखाद्या झाडवेड्या ब्लॉगरने जाहीरपणे दाखवली तर ती तुमच्या अ‍ॅपच्या नावाला कायमची चिकटते. ब्लॉगरकडे जायचं ते या बारांकडून पास होऊनच.

दोनशे नको, दहा

‘ब्लॉगर’ हा शब्द तुमच्यापैकी काहींना जुनाट वाटेल. आता रील आहे, यूट्यूब आहे, इन्स्टा पेज आहे, व्हॉट्सअ‍ॅप चॅनल आहे. माध्यम बदललं तरी माणूस तोच आहे. एका विषयाबद्दल सातत्याने बोलणारा आणि ज्याच्या शब्दावर काही लोक विश्वास ठेवतात असा माणूस म्हणजे ब्लॉगर. त्याचे फॉलोअर लाखभर असतील किंवा आठशे.

लालबाग, परळ, भायखळा या पट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. इथे इंटरनेटच्या आधी नाक्यावरचा फळा होता. मंडळाची सभा असो, रक्तदान शिबिर असो की कुणाच्या निधनाची बातमी, खडूने फळ्यावर लिहिलं की गल्लीला कळायचं. फळा लिहिणाऱ्याला आपल्यासमोर कोण थांबणार हे पक्कं माहीत असायचं. त्याने एकदा चुकीची बातमी लिहिली की दुसऱ्या दिवशी लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे. आजच्या छोट्या पेजवाल्याची त्याच्या वाचकांशी असलेली नाळ अशीच असते. तीच त्याची कमाई. तुम्ही त्याच्याकडे जाता तेव्हा ती कमाई उधार मागत असता, हे विसरू नका.

म्हणून यादी करताना मोठे आकडे बाजूला ठेवा. नवे फोन दाखवणारा गॅजेटवाला यूट्यूबर तुमच्या झाडांच्या अ‍ॅपचं काय करणार? त्याच्या प्रेक्षकाला प्रोसेसर हवाय, पारिजात नव्हे. तुमची माणसं वेगळी आहेत. झाडं आणि पक्ष्यांवर लिहिणारे, हेरिटेज वॉक घेणारे, ‘मुलांना सुट्टीत कुठे न्यावं’ यावर लिहिणाऱ्या आया, विज्ञान शिक्षकांचे ग्रुप चालवणारे, मुंबईवर मराठीतून व्हिडीओ करणारे. असे दहा जण शोधा. प्रत्येकाचं निदान तीनदा लिहिलेलं वाचा किंवा पाहा. त्यांना काय आवडतं, कशाची चीड आहे, त्यांनी याआधी कुठल्या अ‍ॅपबद्दल काय म्हटलंय. यात एक अख्खा आठवडा जाईल. जाऊ द्या. दोनशे जणांना पाठवलेला मेल लिहायला दहा मिनिटं लागतात आणि डिलीट करायला एक सेकंद.

मेल कसा असावा?

वर्तमानपत्राच्या कुठल्याही पुरवणीचा मेलबॉक्स उघडून पाहिला तर एक गोष्ट चटकन दिसते. बहुतेक मेल स्वतःबद्दल बोलतात. ‘क्रांतिकारी’, ‘भारतातलं पहिलं’, ‘गेमचेंजर’. तीन परिच्छेद वाचल्यावरही अ‍ॅप नक्की करतं काय, ते कळत नाही. त्यापेक्षा असं लिहून बघा:

‘गोरखचिंचेवरचा तुमचा लेख वाचला. ते झाड आमच्या अ‍ॅपमध्ये आहे. आम्ही भायखळ्याच्या कॉलेजातले चार विद्यार्थी. राणीच्या बागेतली झाडं मराठी नावांनी ओळखता यावीत म्हणून हे अ‍ॅप केलंय. नेटशिवाय चालतं, फुकट आहे, जाहिराती नाहीत. आतापर्यंत साठ झाडं भरली आहेत, वेली आणि झुडपं राहिली आहेत. तुम्ही लिहावंच असं नाही. वापरून पाहिलंत आणि काय चुकलंय ते सांगितलंत, तरी आमचं काम होईल.’

सोबत तीन स्क्रीनशॉट, अर्ध्या मिनिटाचा व्हिडीओ, डाऊनलोडची लिंक आणि खऱ्या माणसाचा फोन नंबर. झालं. यात एकही विशेषण नाही. काय राहिलंय, हे तुम्ही आपणहून सांगितलंय. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. जो स्वतःची उणीव सांगतो त्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

आणखी चार गोष्टी. अ‍ॅप फोनमधलं काय काय मागतं, ते आधीच लिहा. नकाशासाठी लोकेशन मागितलं तर समजू शकतं, पण झाडं दाखवणाऱ्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला हवी, असा प्रश्न जागरूक ब्लॉगर पहिल्यांदा विचारेल. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केलाय, तेव्हा हा प्रश्न आता फक्त सभ्यतेचा उरलेला नाही.

दुसरं, ‘अमुक तारखेआधी प्रसिद्ध करू नका’ अशी अट घालताना जपून. पत्रकारितेत याला एम्बार्गो म्हणतात. बातमी आधी द्यायची, पण सगळ्यांनी एकाच वेळी छापायची. मोठमोठ्या कंपन्यांचे एम्बार्गो लोक सर्रास मोडू लागले, तेव्हा ‘टेकक्रंच’च्या मायकेल अ‍ॅरिंग्टनने डिसेंबर २००८ मध्ये आपण यापुढे ते पाळणारच नाही, असं जाहीर करून टाकलं होतं. तुमच्या अ‍ॅपला या भानगडीची गरज नाही. तसंच ‘फक्त तुम्हालाच सांगतोय’ हे वाक्य दोघांना पाठवू नका. हे दहा जण एकमेकांना ओळखतात.

तिसरं, आठवड्याने एकदा आठवण करा, पुन्हा पुन्हा नाही. उत्तर न येणं हेही उत्तरच असतं.

आणि चौथं, बागेत बोलावणार असाल तर बुधवार टाळा. राणीची बाग त्या दिवशी बंद असते. हसू नका. ज्याला आपल्याच विषयाची एवढी साधी गोष्ट माहीत नाही त्याच्या अ‍ॅपवर कोण भरवसा ठेवेल?

२०१० सालचे धडे

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण याने अ‍ॅप चालतं का, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी २०१० च्या आसपासच्या तीन गोष्टी बघा.

पहिली आपल्या फलाटावरची. २०१० मध्ये सचिन टेके यांनी ‘एम-इंडिकेटर’ आणलं. तेव्हा बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन नव्हता, साधे जावा फोन होते. नेट महाग आणि मंद. अशा काळात लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच, नेटशिवाय दिसणं ही मुंबईकराच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट होती, हे पुढची लोकल किती वाजता म्हणून फलाटावर इकडे-तिकडे विचारत फिरलेल्या कुणालाही कळेल. त्या काळी फोनमधल्या छोट्या फाईल ब्लूटूथवरून एकमेकांना दिल्या जायच्या. ‘हे घे, टाक तुझ्या फोनमध्ये’ ही त्या काळातली खरी जाहिरात. पुढे बेस्टचे मार्ग, रिक्षा-टॅक्सीची भाडी, मेगाब्लॉकची माहिती अशी त्यात भर पडत गेली. वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं, पण अ‍ॅप मोठं झालं ते डब्यातल्या तोंडी प्रसिद्धीवर. लोकांची रोजची अडचण सुटत होती, म्हणून सांगणाऱ्याला सांगावंसं वाटत होतं.

दुसरी गोष्ट इन्स्टाग्रामची. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माईक क्रीगर यांचं आधीचं अ‍ॅप ‘बर्बन’ नावाचं होतं. त्यात ढीगभर गोष्टी कोंबलेल्या होत्या. लोक वापरत होते ती फक्त फोटोची सोय. मग या दोघांनी बाकीचं सगळं कापून टाकलं. नवं रूप आधी मोजक्या लोकांना वापरायला दिलं आणि ६ ऑक्टोबर २०१० ला अ‍ॅप खुलं केलं. पहिल्याच दिवशी सुमारे २५ हजार लोक आले. आधी वापरणाऱ्यांमध्ये ट्विटरचा जॅक डॉर्सी होता आणि त्याने आपले फोटो ट्विटरवर टाकून बरीच हवा केली होती. पण तो या कंपनीतला सुरुवातीचा गुंतवणूकदारही होता, हेही लक्षात ठेवा. थोड्या वेळाने त्याच्याकडे परत येऊ.

तिसरी गोष्ट ‘कलर’ची. मार्च २०११ मध्ये हे फोटोंचं अ‍ॅप आलं. बाजारात यायच्या आधीच त्याने ४ कोटी १० लाख डॉलर उभे केले होते. साहजिकच जगभरच्या टेक ब्लॉग्जनी आणि वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकाने भरले. लोकांनी अ‍ॅप उघडलं तर स्क्रीन रिकामी. कारण आसपास दुसरं कुणी ते वापरत असेल तरच त्यात काही दिसायचं. मग तेवढ्याच जोरात टीका झाली आणि २०१२ संपता संपता अ‍ॅप बंद पडलं. कलरला प्रसिद्धी कमी पडली नव्हती. आलेल्या माणसाने थांबावं असं आत काही नव्हतं. प्रसिद्धी माणसाला दारापर्यंत आणते, घरात बसवायचं काम तुमचं.

विकत घेतलेलं कौतुक

आता त्या टेलिग्रामवाल्या घाऊक दुकानाकडे येऊ. हा धंदा नवा नाही. अमेरिकेत रिव्हर्ब नावाची एक पीआर कंपनी होती. आयफोनचे गेम करणाऱ्या कंपन्या तिच्या क्लायंट होत्या. तिचे कर्मचारी सामान्य ग्राहक असल्याचं भासवून आयट्यून्स स्टोअरवर त्या गेमचं कौतुक लिहीत होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला समझोता करून ते रिव्ह्यू काढून टाकणं मान्य करावं लागलं. म्हणजे अ‍ॅप स्टोअर सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि खोट्या रिव्ह्यूंचा निकालही लागला होता.

आपल्याकडेही नियम आलेत. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियमावली काढली, तर जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर्ससाठी वेगळी पुस्तिका दिली. सांगणं एकच आहे. तुमचा आणि त्या वस्तूचा काही संबंध असेल तर तो लोकांना स्पष्ट दिसेल असा सांगा. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नका. व्हिडीओ असेल तर बोलूनही सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यावर वर्षभर, आणि पुन्हा चुकल्यास तीन वर्षांपर्यंत, बंदीही येऊ शकते.

‘पण आम्ही कुठे पैसे घेतले?’ हा कॉलेजातला आवडता बचाव. संबंध म्हणजे फक्त पैसे नव्हेत. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, ‘तू माझं टाक मी तुझं टाकतो’ हा सौदा, इतकंच काय, नातं आणि मैत्रीही त्यात येते. म्हणजे तुमच्या बेस्ट फ्रेंडचं खाण्याचं पेज असेल आणि तिने तुमच्या अ‍ॅपवर रील केली, तर ‘हे माझ्या मित्राचं अ‍ॅप आहे’ एवढं वाक्य तिने म्हणायलाच हवं. आजच्या या कसोटीवर जॅक डॉर्सीलाही ‘मी यात पैसे घातलेत’ असं सांगावं लागलं असतं. आणि गंमत म्हणजे त्या एका वाक्याने रीलची मजा कमी होत नाही. उलट पाहणारा म्हणतो, पोरगी खरं बोलते.

वर्तमानपत्रांनी हे तुम्हाला वरच्या पायरीवर उभं राहून सांगावं, अशी परिस्थिती नाही. बातमीच्या वेशात पैसे घेऊन मजकूर छापण्याच्या प्रकारावर, म्हणजे ‘पेड न्यूज’वर, प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये अहवाल काढावा लागला होता. त्यात किती जणांनी किती कमावलं, त्याहून महत्त्वाचं हे की खरी बातमी वाचतानाही वाचकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली. ती शंका आजही पुरती गेलेली नाही. छापील माध्यमाला जो धडा महागात पडला, तो आठशे फॉलोअर्सच्या पेजवाल्याने स्वस्तात शिकून घ्यावा.

‘सगळेच करतात’चं काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोठ्या कंपन्या कोट्यवधी ओततात, सेलिब्रिटी उभे करतात, आणि खरेपणाचा उपदेश मात्र वर्गणी काढून २५ डॉलर भरणाऱ्यांना? मैदान सपाट नाही, हे खरंच आहे. पण जरा हिशोब मांडून बघा. मोठ्या कंपनीचे खोटे रिव्ह्यू पकडले गेले तर ती निवेदन काढते, एजन्सी बदलते आणि पुढच्या महिन्यात नवं कॅम्पेन घेऊन येते. प्ले स्टोअरच्या धोरणातही रेटिंगमधली हेराफेरी आणि आमिष देऊन मिळवलेले रिव्ह्यू निषिद्ध आहेत. तुमच्यावर कारवाई झाली तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? एक अ‍ॅप आणि चार नावं. इंटरव्ह्यूला गेल्यावर समोरचा माणूस तीच चार नावं सर्च करणार आहे.

शिवाय विकत घेतलेले पाचशे स्टार तुम्हालाच आंधळं करतात. उन्हात स्क्रीन दिसत नाही, हे त्यातला एकही जण सांगणार नाही. दहा ब्लॉगर्सपैकी सात जणांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी दोन ओळी लिहिल्या आणि एकाने मनापासून वापरून ‘कल्पना छान, पण तीन झाडं चुकलीत’ असं लिहिलं, तर हा निकाल वाईट नाही. त्या तिसऱ्या प्रकारच्या माणसाशी वाद घालू नका. आभार माना, तीन झाडं दुरुस्त करा आणि दुरुस्त केल्याचं त्यालाच पहिल्यांदा कळवा. पुढच्या वेळी तुम्ही नवं काही कराल तेव्हा त्याच्या मेलबॉक्समध्ये तुमचं नाव ओळखीचं असेल.

भायखळा स्टेशनच्या उदाहरणाने थांबू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली तेव्हा तिच्यात सुमारे ४०० निमंत्रित होते, २१ तोफांची सलामी होती. त्या काळातलं हे जंगी लाँच आजही पाठ्यपुस्तकात आहे. पण भायखळ्याला १८५७ मध्ये उभी राहिलेली स्टेशनची इमारत आजही वापरात आहे ती तोफांमुळे नव्हे. ती आहे कारण पिढ्यानपिढ्या लोकांना तिथे उतरायचं होतं. तिची निगुतीने डागडुजी झाली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचं नाव आलं, त्याचीही बातमी झाली. लाँचनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

तुमच्या अ‍ॅपला एवढं थांबावं लागणार नाही. पण क्रम तोच ठेवा. आधी बारा माणसांच्या उपयोगी पडा, मग दहा जणांना खरं खरं सांगा. आणि ज्यांच्याकडे पेज आहे, चॅनल आहे, चार लोक ऐकतील असा आवाज आहे, त्यांनी कुणी मित्र अ‍ॅप घेऊन आला तर त्याला नाही म्हणू नका आणि न वापरता होही म्हणू नका. दोन दिवस वापरा. आवडलं तर का आवडलं ते लिहा, नाही आवडलं तर तेही त्याला तोंडावर सांगा. खोट्या लाइकपेक्षा मित्राच्या ते जास्त कामी येईल.